दीडपट वेगाने ऐकलेली उदासी

माझ्या मित्राचा बँड हसत नाही. वाशीच्या कॉलेजात चौघांनी तो काढला तेव्हापासून हसत नाही. स्टेजवर निळा अंधार, अंगात काळे कपडे आणि दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांकडे पाठ. एका गॅदरिंगला त्यांनी एकच सूर इतका वेळ धरून ठेवला की प्राचार्यांनी वायरमनला बोलावून घेतलं होतं.

मला या उदासीचा पहिल्यापासून संशय होता, कारण चौघेही घरी गेल्यावर व्यवस्थित जेवत. गाणी लिहिणारा आणि गाणारा माझा मित्र उरणकडच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातला. नेरुळला माझ्यापासून दोन इमारती सोडून राहतो आणि फ्रीजच्या सुट्या भागांचा व्यापार करतो. त्याच्या गाण्यांवर माझा विश्वास नाही आणि माझ्या वाचनावर त्याचा नाही. मैत्री टिकायला एवढं पुरतं.

अकरा वर्षांनी त्यांचा नवा अल्बम तयार झाला. आठ गाणी, शेवटचं नऊ मिनिटांचं. ते त्याने वडील गेल्यानंतर लिहिलं होतं. वडील रोज उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला कामाला जात. ओहोटीला पाणी मागे गेलं की लाँच धक्क्याला लागत नाही, सगळे चिखलाकडे बघत थांबतात. गाणं त्या थांबण्याचं होतं. त्यात मधली कितीतरी मिनिटं शब्दच नव्हते. गिटार, धक्क्यावर जाऊन टिपलेलं वारं, कुणाचं तरी खोकणं. बाकीच्या तिघांना ते अर्ध्यावर कापायचं होतं, मित्राला पूर्ण ठेवायचं होतं. शेवटी ठरलं की जुन्या श्रोत्यांना ऐकवू, ते म्हणतील तसं करू.

जुने श्रोते म्हणजे आम्ही चौदा जण, आमचा एक ग्रुप आहे. पण फाइल पाठवली तर ती बाहेर फुटेल, ही चौघांना भीती. जगाने आजवर त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तरी जगाबद्दलची खबरदारी त्यांनी कधी सोडली नाही. ड्रमरने घरी स्पीकरवर एकेक गाणं लावलं, फोन समोर धरला आणि आठ व्हॉइस नोट ग्रुपवर सोडल्या.

दोन दिवसांत मतं आली आणि सरळ दोन तट पडले. पाच जण म्हणाले, काही बदललेलं नाही. एकाने लिहिलं, ‘सुंदर. झोप लागली.’ दुसऱ्याला शेवटच्या गाण्यात फोन हँग झालाय असं वाटलं. उरलेले मात्र खूश. ‘आता कुठे उठाव आलाय.’ ‘गाडीत लावण्यासारखं झालं भाऊ.’ ‘बायकोपण ऐकते बघ.’ घणसोलीत फ्लॅट विकणारा आमचा एक मित्र वीस वर्षं या बँडला टेन्शन म्हणायचा. त्याने लिहिलं, ‘शेवटचं गाणं टॉप. सहा मिनिटांत किती सांगितलंस यार.’

इथेच माझ्या कानाला काही खटकायला हवं होतं. खटकलं ते भलतंच. मला वाटलं, हा फ्लॅटवाला मित्राला पटवतोय, त्याला काहीतरी विकायचं असणार. ज्यांना गाणी संथ वाटली ते जळतायत, असाही मी निष्कर्ष काढला. संशय घ्यायला ग्रुपमध्ये तेरा माणसं होती, ती सगळी वापरून झाली. मग माझं मत मी पाऊण तास खपून लिहिलं: ‘या बँडचं दुःख आजवर बसून असायचं. या अल्बममध्ये त्याला निकड आली आहे, ते चालू लागलं आहे.’ खाली भराभर अंगठे आले. ड्रमरने हात जोडले.

रविवारी दुपारी मित्राचा फोन आला. “घरी ये. आत्ता.”

गेलो तर तो स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसला होता. त्याची आई, जिला आम्ही सगळेच अम्मी म्हणतो, खाली पेपर पसरून जवळा निवडत होती. तिने मला बघून नुसती मान हलवली.

“तुझ्यामुळे माझं गाणं कापलं जातंय,” मित्र म्हणाला.

“मी तर चांगलं लिहिलं.”

“तेच. ड्रमर सगळ्यांना तुझा मेसेज दाखवतो. ‘बघ, विद्वान पण म्हणतोय दुःख चालू लागलं.’ लोकांना चपळ आवडतंय, मग हे शेवटचं कशाला रेंगाळत ठेवायचं, म्हणतात. उद्या सकाळी चार मिनिटांचं करून टाकणार.” त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. “मला एक सांग. ते चालू कुठे लागलंय? मी तर त्याला एका जागी बसवून लिहिलंय.”

मी म्हटलं, लेखकाला स्वतःचं लिखाण नेहमी दिसतंच असं नाही. हे वाक्य मी पूर्वीही बऱ्याच ठिकाणी वापरलेलं आहे.

“बस,” तो म्हणाला आणि गाणं लावलं.

गिटारचे चार सूर आले, मग वारं, मग बराच वेळ काहीच नाही. मी घड्याळात पाहिलं. फोनवर ऐकलं तेव्हा एव्हाना त्याचा आवाज सुरू झाला होता.

“तू हे बदललंस,” मी म्हणालो.

“एक सूर बदललेला नाही.”

“मला तेवढं कळतं. हे वेगळं आहे.”

“मग तुझं काढ.”

मी फोन काढला आणि ग्रुपवरची आठवी नोट लावली. स्पीकरवर अजून वारं वाहत होतं आणि माझ्या फोनवर वडील गाडी चुकल्यासारखे धावत होते. मित्र उठला, माझ्या हातातल्या फोनवर वाकला आणि नोटेच्या कडेला असलेल्या बारीक आकड्यावर त्याने बोट ठेवलं. दीड.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टाकी धुण्याच्या विषयावर आठ-आठ मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवतात. कुठल्यातरी नोटेला कंटाळून मी वेग दीडपट केला होता. फोनने ते लक्षात ठेवलं, मी ठेवलं नाही. वेग वाढला तरी हल्ली आवाज चिरकत नाही, त्यामुळे शंका यायलाही जागा नव्हती. निदान शंका हाच ज्याचा धंदा नाही त्याला.

मित्र पुन्हा खुर्चीत बसला. त्याने हसावं अशी माझी फार इच्छा होती.

“म्हणजे तू माझ्या बापाला पळवलंस,” तो म्हणाला.

मी म्हटलं, ड्रमरला लगेच फोन करून सांगतो.

“फोन नको. जिथे विद्वत्ता केलीस तिथेच लिही.”

मी लिहायला बसलो. आधीच्या मताला पाऊण तास लागला होता, या तीन ओळी त्याहून जड गेल्या. स्पीकरवर गाणं चालूच होतं, आम्ही कुणी बंद केलं नव्हतं. मी ‘माझ्याकडून एक तांत्रिक’ इथवर आलो, ‘तांत्रिक’ खोडलं, आणि तेवढ्यात ते संपलं.

अम्मीचा हात पेपरवर थांबला होता.

“लाँच आलीच नाय का रे शेवटी?” तिने विचारलं.

“नाही अम्मी. ओहोटी होती.”

“मग डबा तिथंच उघडायचे ते,” ती म्हणाली. “घरी भरलेला परत आणला की मी बोलायची ना. म्हणून तिथंच खाऊन यायचे.” आणि पुन्हा जवळा निवडायला लागली.

हे डब्याचं मित्राला माहीत नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी मेसेज पाठवून दिला.

 सगळ्यांनी वाचल्याचं दिसलं. मग घणसोलीवाला आला: ‘माझं पण दीड होतं वाटतं.’ पाठोपाठ दुसरा: ‘माझं दोन.’ ज्याची बायको ऐकत होती त्याने लिहिलं, ‘तिचापण फोन माझ्यासारखाच आहे.’ खूश असलेल्या नऊ जणांत मी धरून आठ जण वेग वाढवून ऐकणारे निघाले. नववा कितीतरी वेळ टाइप करत असल्याचं दिसत होतं, पण त्याच्याकडून काहीच आलं नाही.

संध्याकाळी ड्रमरने मित्राला फोन केला. स्पीकरवर असल्यामुळे मीही ऐकलं. “राहू दे तुझं नऊ मिनिटांचं,” तो म्हणाला. “कापायचं तर कुणाच्या मतावर कापू आता?”

पुढच्या आठवड्यात बहुतेकांनी अल्बम पुन्हा, त्याच्या खऱ्या वेगाने ऐकला. तिघांना आधीचा वेगच बरा वाटला. घणसोलीवाल्याने परत टेन्शन हा शब्द काढला, तेव्हा मित्राला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मीही शेवटचं गाणं घरी दोनदा ऐकलं आणि मत सांगायला गेलो. मित्राने आधी हात पुढे केला. मी फोन दिला, त्याने तो आकडा तपासला, फोन परत केला आणि मग म्हणाला, “बोल.”

“मधली दोन मिनिटं अजूनही लांबलेली वाटतात,” मी म्हणालो.

“वाटणारच,” तो म्हणाला. “तेव्हा तू लाँचची वाट बघत असतोस.”