दमयंतीबाईंचं भूशास्त्राचं पहिलं वर्ष

सावेडीतल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर दमयंतीबाई मुळे यांनी नगरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, तेव्हा घरातलं वातावरण काही दिवस जरा तापलेलंच होतं. विषय घेतला होता भूशास्त्र. बारावी सायन्स होऊनही वडिलांनी त्यांना डी.एड.ला घातलं होतं, आणि पुढची सगळी नोकरी सहावी-सातवीला भूगोल शिकवण्यात गेली होती. मुलगा धवल पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, त्यापेक्षा हिमालयाची ट्रिप कर." यजमान रविकांत कोर्टातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षा द्यायची, नापास झालीस म्हणजे?"

"झाले तर झाले," बाई म्हणाल्या. पण मनातून त्यांना तीच धास्ती होती.

वर्गात त्यांच्या शेजारी संस्कृती नावाची मुलगी बसायची. पाथर्डीकडची, हॉस्टेलवर राहणारी. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. पहिल्याच आठवड्यात ती बाईंना काकू म्हणायला लागली.

लेखी अभ्यासात बाई पक्क्या. लाव्हा कसा थंड होतो, ऊन-पावसानं खडक कसा झिजतो, सगळं पाठ. पण पहिल्या प्रात्यक्षिकात पालवे सरांनी एक पांढरा स्फटिक पुढं ठेवला आणि विचारलं, "हे काय?" बाईंनी ठामपणे सांगितलं, "गारगोटी." तो निघाला कॅल्साइट, गारगोटीहून कितीतरी मऊ. मागं कुणीतरी हसलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुस्तक मिटा. आधी दगड हातात घ्या, ओरखडून बघा." त्या दिवशी बाई रिक्षा न करता चालतच घरी गेल्या.

मग त्यांनी तोच नाद घेतला. नखानं ओरखडा उठतो का, तांब्याच्या तुकड्यानं उठतो का, की दगडच काचेवर ओरखडा काढतो, हे बघायचं. बाल्कनीत दगड जमू लागले. रविकांत वैतागून म्हणायचे, "माणसं निवृत्तीनंतर कुंड्या ठेवतात."

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी चहा पिताना रविकांतांच्या हातातून कप निसटला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डोळे तेवढे पूर्वीचे होते. बाईंनी कॉलेज सोडलं. कुणाला सांगितलंही नाही, नुसतं जाणं थांबवलं.

हाताला व्यायाम म्हणून दिलेला रबरी चेंडू रविकांत डाव्या हातानं भिरकावून द्यायचे. आयुष्यभर ताठ राहिलेल्या माणसाला चेंडू दाबत बसायची लाज वाटत असावी. बाई तो उचलून आणायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या.

एका दुपारी संस्कृती आली. "काकू, तुमी येत न्हाई तर मला लई अवघड जातंय. प्रॅक्टिकल जवळ आलंय. जरा माझ्याबरोबर बसता का?"

दोघी पलंगाशेजारीच बसल्या. जागा कमी, म्हणून संस्कृतीनं चार-पाच नमुने चादरीवर मांडले. बोलता बोलता बाईंचं लक्ष गेलं. रविकांतांचा उजवा हात हळूहळू सरकत जिप्समच्या तुकड्याजवळ आला होता.

"काका, नखानं ओरखडा की," संस्कृती म्हणाली.

बराच वेळ गेला. बोट दगडावरून घसरत राहिलं. मग नखाखाली थोडी पांढरी भुकटी आली. रविकांत अर्ध्या तोंडानं हसले. बाईंनी मान दुसरीकडं वळवली आणि पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर रोज हेच. जिप्समला नखानं, कॅल्साइटला तांब्याच्या तुकड्यानं, आणि गारगोटी घेऊन जुन्या काचेच्या तुकड्यावर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं बघितलं आणि म्हणाली, "चालू द्या, चेंडू राहू दे." जानेवारीत एकदा बाई औषध देत होत्या, तर रविकांत अडखळत म्हणाले, "जा."

"कुठं जाऊ?"

"कॉ... लेज."

"आणि तुमच्याजवळ कोण?"

त्याची सोय शेजारच्या देवश्रीनं केली. तिचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. सकाळी ती लॅपटॉप घेऊन रविकांतांच्या खोलीत येऊन बसू लागली.

फेब्रुवारीत सरांनी वर्गाला निघोजला नेलं. कुकडीच्या काळ्या खडकात नदीनं रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. बाईंनी एका खळग्यात खांद्यापर्यंत हात घातला. आतून तो घासलेल्या पातेल्यासारखा गुळगुळीत होता.

संस्कृती म्हणाली, "आमच्याकडच्या नदीला पानीच नसतं. ती काय दगड कोरनार?"

"पूर येतो ना कधीतरी?" सर म्हणाले. "मोठं काम पुरातच होतं. भोवऱ्यात गोटे अडकतात, गरगर फिरतात आणि खडक झिजवतात. मग वर्षभर नदी गप्प असते."

घरी आल्यावर बाईंनी वाटीत पाणी घेतलं, एक गोटा टाकला आणि वाटी रविकांतांच्या उजव्या हाती दिली. "फिरवा. असं होतं तिथं." त्यांनी मनगट फिरवलं. गोटा वाटीच्या कडेला टणटण वाजत राहिला, पाणी चादरीवर सांडलं. बाई रागावल्या नाहीत.

परीक्षेत त्या रसायनशास्त्राच्या पेपरात नापास झाल्या. भूशास्त्रात मात्र प्रात्यक्षिकासह चांगले गुण पडले. निकाल सांगताना त्यांना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. धवलनं फोनवर विचारलं, "मग आता?" तेव्हा त्या म्हणाल्या, "आता ऑक्टोबरला परत बसायचं." बसल्या, आणि सुटल्या.

सध्या त्या दुसऱ्या वर्षाला आहेत. रविकांत काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. बोलणं अजून अडखळतं, पण कळतं. रविवारी संस्कृती जेवायला येते. मागच्या खेपेला तिनं गावाकडच्या नव्या विहिरीतला एक तांबूस दगड आणला. बाई तो हातात घेऊन बघत होत्या, तेवढ्यात रविकांतांनी हात पुढं केला.

"आधी... मी," ते म्हणाले.