वहिनीचा गहू आणि दादाचा मग

माझी वहिनी धान्य संशोधन केंद्रात मुळं धुते. हे सांगितलं की समोरच्याला गाजरं आठवतात. मग मी त्याला बसवून घेतो आणि सविस्तर सांगतो, कारण बढाई मारण्यासारखी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीही भावाच्या बायकोची.

दाणा भरत असताना गव्हाची पानं हिरवी राहायला हवीत. पान म्हणजे चूल. ती लवकर विझली की दाणा पोचट. म्हणून सगळे पानांवर डोळे लावून बसतात. वहिनीचं भलतंच. "भावजी, पान काही आपणहून म्हातारं होत नाही," ती म्हणते. "खालचं पाणी संपलं की मूळ वर निरोप धाडतं, आता आवरा. ज्याचं मूळ खोल, त्याचा निरोप उशिरा."

वर्षानुवर्षं खपून तिने असा खोल मुळांचा एक वाण तयार केला. केंद्राच्या चाचणीत त्याची पानं इतरांबरोबरच पिवळी पडली. "कुंड्या गुडघ्याएवढ्या," वहिनी भडकली. "उंच माणसाला पाळण्यात झोपवायचं आणि म्हणायचं, याचे पाय का दुमडलेत?"

केंद्राच्या प्रमुख बाईंना सगळे मागून 'कात्री' म्हणतात; कमजोर वाण कापायचं काम त्यांचं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दाणे भरताना मला हिरवं पान दाखवा. नाहीतर हा वाण बाद."

वहिनीने आमच्या इमारतीच्या गच्चीवर सांडपाण्याचे पुरुषभर उंचीचे पाइप उभे केले, माती भरली, तळापर्यंत पाणी मुरवलं आणि गहू पेरला. शेजारच्या काकांना वाटलं, आम्ही तोफा मांडतोय. नियम एकच: वरून थेंबही घालायचा नाही. मुळांनी पाणी शोधत खाली उतरायचं.

आता माझा दादा. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्याला तहानलेलं कुणी बघवत नाही. मीटर वाचायला आलेला माणूसही आमच्याकडून पाणी प्यायल्याशिवाय सुटत नाही. अशा माणसाच्या डोक्यावर वहिनीने कोरडा गहू उभा केला होता.

दाणे भरायला लागले, आणि त्याच सुमारास दादाची कंबर धरली. तो अंथरुणाला खिळला. बघता बघता गच्चीवरची पानं पिवळी पडायला लागली. टाकीमागच्या बोळातले चार पाइप तेवढे हिरवे होते, पण तिथे टाकीची सावली, आणि सावलीत पान असंही उशिरा पिवळं पडतं. त्यांची साक्ष कोण धरणार?

कात्रीबाई गच्चीवर गहू बघायला यायच्या आदल्या दिवशी वहिनी दुपारी जेवायला बसली, पण लक्ष सगळं गच्चीकडे. दादाचा घास तोंडातच फिरत होता.

"अगं, एक सांगायचंय."

"सांगा."

"मी वरच्या पाइपांना रोज संध्याकाळी अर्धा मग पाणी घालायचो. स्टुलावर चढून. कंबर धरली तेव्हा बंद झालं."

मी वरणाकडे बघत राहिलो. असल्या वेळी दिराने वरणाकडेच बघावं.

"सगळ्यांना?" वहिनीने विचारलं.

"टाकीमागच्या चौघांना नाही. बोळात स्टूल जात नाही ना. त्यांची लांबूनच माफी मागायचो."

"आणि बोळाच्या तोंडाशी जो आहे? तोही सावलीतच आहे."

"त्याला घालायचो की. तिथपर्यंत हात पोचतो."

"तो पिवळा आहे," वहिनी म्हणाली, आणि हात न धुताच गच्चीवर गेली. मागून दादा कंबर धरून, आणि त्याला धरून मी.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर वहिनीने त्या सावलीतलेच दोन पाइप, बोळाच्या तोंडाशी असलेला आणि टाकीमागचा एक, उभे चिरले आणि माती धुतली. दादाच्या लाडक्याची मुळं वरच्या वितीत दाढीसारखी दाट, खाली नुसती ओली माती. आयतं मिळतंय म्हटल्यावर उतरतंय कोण? आणि आयतं बंद झालं तेव्हा उतरायला वेळ उरला नव्हता. टाकीमागच्याची मुळं मात्र थेट तळाला टेकलेली. वहिनीने ती ओल्या चादरीसारखी दोन्ही हातांवर उचलून धरली. वर पान पोपटासारखं हिरवं.

कात्रीबाईंनी वाकून दोन्ही मुळं पाहिली. "बी एकच, सावली एकच. हे आराखड्यात होतं?"

"आराखड्यात नव्हतं, घरात होतं," वहिनी म्हणाली आणि दादाकडे बोट दाखवलं.

बाईंनी दादाला आपादमस्तक न्याहाळलं. "वाण राहतोय. पुढच्या हंगामात केंद्रात उंच पाइप लावू, दोन्ही तऱ्हांनी. लाड कसे करायचे ते यांना विचारून घ्या."

आज केंद्रात पाइपांच्या दोन लांब रांगा आहेत. वरून पाणी घालायच्या रांगेला वहिनीने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: 'अहो'. तिथली माणसं गंभीर चेहऱ्याने एकमेकांना विचारतात, "आज अहोंना पाणी घातलं का?"

दादा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्मा चढवून सांगतो, केंद्रात माझ्या नावाची रांग आहे. ती लवकर पिवळी पडते, हे तो सांगत नाही. शेजारची हिरवीगार रांग कुणाची, हे मात्र कुणी न विचारता सांगतो.