हळद दळतानाचा आवाज

अजीजभाईचा फोटो स्टुडिओ श्रीगोंद्यात माझ्या पिठाच्या गिरणीला लागूनच हाय. लग्नात समद्यांचे फोटो काढून झाल्याबिगर जेवायचा न्हाई. मानूस लाखात एक, पन त्या जुन्या कॉम्प्युटरपायी येडा. कंपनीनं कवाच हात वर केलेले, तरी गड्यानं खटपट करून त्यात नवी सिस्टीम कोंबली. शूटिंगची डीव्हीडी काढायची, त्याच मशीनमधी तपासायची, 'बरोबर' असं आलं की कव्हरवर हिरवी टिकली चिकटवायची.

"अवो, ज्यानं लिवलं त्यानंच तपासलं, ह्यो कसला तपास?" मी म्हनायची.

"तुमी दळन बघा, मालनबाई," म्हनून त्यो हसायचा.

परवा अश्विनी आली, माझ्या मैतरणीची, मुक्ताची लेक. मुक्ता दिवाळीत गेली. अश्विनीच्या लग्नात हळद दळताना मुक्तानं ओव्या म्हनल्या हुत्या. घरच्या व्हिडिओत त्या जागी सनई चढवलेली. मुक्ताचा खरा आवाज अजीजभाईनं ठेवलेल्या कच्च्या शूटिंगच्या डीव्हीडीतच, आन पोरीला त्यो पायजे हुता.

टिकलीवाली डीव्हीडी अश्विनीच्या लॅपटॉपवर लागंना. शेजारच्या दुकानातबी न्हाई. जुन्या मशीनवर मात्र झकास चालायची! मशीन वाकडं लिवायचं आन तेच वाकडं वाचून बरोबर म्हनायचं. अजीजभाईचं तोंड पार उतरलं. पेनड्राइव्ह लावला की ते मशीन गोठायचं.

"चाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करते," अश्विनी म्हनली.

अजीजभाईनं शटर ओढलं, पंखा बंद केला. मी गिरणी थांबवली.

"मालनबाई, तोंडाला कुलूप," त्यानं मलाच बजावलं. मेल्याला दुसरं कोन दिसत न्हाई!

मुक्ता जात्यापाशी बसलेली, हिरव्या लुगड्यात. ओवी सुरू झाली आन माझा जीव गलबलला. मधीच तिनं दाराकडं बघितलं. "मालन, कुटं गेलीस गं? खुंटा धर की!"

त्या दिवशी मी मागं चुलीपाशी हुते. मला ऐकूच आलं नव्हतं.

"आले गं मुक्ते!" तोंडातून निघूनच गेलं.

अजीजभाईनं कपाळावर हात मारला. ओव्या संपल्यावर परत लावाय गेला, तर मशीननं मान टाकली ती टाकलीच.  केवढं वाटोळं केलं मी!

 अश्विनीनं ते रेकॉर्डिंग माझ्या आन अजीजभाईच्या मोबाईलवर पाठवलं, दोन्हीवर वाजवून बघितलं. लख्ख वाजलं.

अजीजभाईनं सवयीनं टिकली काढली आन थांबला. "ही मूळ कॉपीशी जुळत न्हाई. तुमचा आवाज जादा हाय."

अश्विनीनं टिकली त्याच्या हातातनं घेऊन माझ्या मोबाईलच्या पाठीला चिकटवली.

"आईनं हाक मारली हुती, मावशी. ओ कुनी द्यायची मग?"