अध्यक्षांचा फोटो आणि उद्याचा टेम्पो

आमच्या घरात पुस्तक नव्हतं. वडील दुसऱ्याच्या मळ्यात वाट्यानं झेंडू-शेवंती करायचे. विहिरीनं तळ गाठला की तेही बंद, मग मिळेल तिथं रोजानं जायचे. छापलेली वस्तू घरात यायची ती एकच, लग्नपत्रिका. आई त्या तारेत ओवून खुंटीला टांगायची. ताई आणि मी वाचायला शिकलो ते त्या पत्रिकांवर. वर देव, मग कुलदैवत, मग भावकीतली थोर माणसं मानाप्रमाणे, आणि लग्न कुठं नि किती वाजता ते खाली, बारीक अक्षरात. ताई माझ्याहून भराभर वाचायची. पण फुलं तोडायला आईला जोडीला हात हवा होता, म्हणून सातवीनंतर तिची शाळा सुटली. माझी चालू राहिली.

मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी आजही छाती पुढं काढूनच सांगतो. नाशकात कॉलेज रोडवर एका लहानशा ऑफिसात वेबसाइट बनवायच्या कामाला लागलो. इंटरनेट कॅफे गल्लोगल्ली निघाले होते, तो काळ. आमच्या सरांकडे फुलं-भाजी पिकवणाऱ्यांच्या एका संघाचं काम आलं. शेतकऱ्याला घरबसल्या भाव कळावा, गावावरून माल उचलणारा टेम्पो कधी येतो ते कळावं, एवढीच त्यांची मागणी. सर म्हणाले, "हे तुझ्या लोकांचं काम. तूच कर."

मी जीव ओतून केलं. पहिल्या पानावर देवाचा फोटो, त्याखाली अध्यक्षांचा, मग उपाध्यक्ष, मग संचालक वयाप्रमाणे, मग मान्यवरांचे संदेश. कुणाचा मान राहून जाता कामा नये. टेम्पो 'उपक्रम' या कप्प्यात घातला, त्यात 'वाहतूक विभाग', त्यात 'वेळापत्रक'. मला वाटलं, काय शिस्तीत मांडलंय!

संघाच्या हॉलमध्ये साइट दाखवायचं ठरलं. ताई तोवर वणीकडे नांदत होती. ती आणि दाजी दोघं संघाचे सभासद, तेही आले. मला काय सुचलं कोण जाणे, सगळ्यांसमोर म्हणालो, "ही माझी बहीण. सातवी शिकलीय. तिलासुद्धा जमतं की नाही बघा!"

अध्यक्ष म्हणाले, "ये पोरी. उद्याचा टेम्पो किती वाजता येतो, काढून दाखव."

ताईनं पदर खोचला आणि कोंबडीचं पिल्लू धरावं तसा माऊस धरला. फोनच्या तारेवरचं इंटरनेट ते. फोटो वरून पट्टी-पट्टीनं उतरत होता. मागून कुणी तरी म्हणालं, "अध्यक्षांचा फेटा आला. मिशा येईस्तोवर चहा सांगा!" अध्यक्षही हसले. ताई एकेक नाव ओठ हलवत वाचत खाली गेली. संचालक झाले, संदेश झाले. 'उपक्रम'वर तिची नजर थांबलीसुद्धा नाही. का थांबावी? टेम्पोला उपक्रम कोण म्हणतं?

"भाऊ, वहिनींना घेऊन चला आता," मागून कुणी दाजींना म्हणालं, "टेम्पो गेला!"

हॉल खदखदला. हसत होते ते तिला. ताई उठली. "मला नाय समजत बाबा यातलं. आमची अक्कल फुलं तोडण्यापुरतीच." मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "तुझी फजिती केली रे मी."

वर बघवेना. तिची चूक नाही, हे माझ्या तोंडून तिथं निघालं नाही.

परतताना स्कूटरवर सर म्हणाले, "तिचं काय चुकलं सांग." ते पुढं म्हणाले, "वेबसाइट आहे की लग्नपत्रिका रे ही?" ते गमतीनं बोलले. खुंटीवरची तार त्यांना कुठून ठाऊक असणार? मला मात्र पुरतं उघडं पडल्यासारखं झालं. डिग्री काय कामाची, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी संघाच्या ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहू लागलो. लोक आल्या आल्या काय विचारतात, ते ऐकायचं. "आज झेंडूला काय भाव?" "टेम्पो कधी?" "क्रेट मिळतील का?" अध्यक्ष कोण, असं एकानंही विचारलं नाही. मग हेच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लावले. दाबला की थेट उत्तर. फोटो सगळे शेवटच्या पानावर.

ते अध्यक्षांना दाखवायला मी चाचरतच गेलो. त्यांनी पडदा न्याहाळला. "मला काढलंस?"

"काढलं नाही, अण्णा. शेवटी ठेवलं."

"म्हणजे मागच्या पंगतीला बसवलंस."

"यजमान शेवटच्याच पंगतीला बसतो ना?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं; माझ्या वडिलांना ते चांगले ओळखायचे. मग म्हणाले, "बापावर नाही गेलास. तो बिचारा दबून बोलतो. असू दे तसंच."

ताई मात्र संगणकापुढं बसायला तयार नव्हती. "नको रे. परत हसतील." मी वणीला गेलो, दोन-तीनदा विनवलं, तेव्हा कुठं कॅफेत आली. दाराकडं बघून घेतलं, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून. मी मुद्दाम लांब उभा राहिलो. तिनं पान वाचलं, 'टेम्पो कधी येणार?' यावर बोट टेकवलं, मग माऊस नेला.

"सकाळी सहाला," ती म्हणाली. मग, "एवढंच होतं व्हय?"

मला तिच्याकडं बघता आलं नाही. तिनं दाबून पुन्हा एकदा पाहिलं, मग झेंडूचा भावही काढला. त्या दिवसापासून ताई टेम्पोची वेळ कुणालाही न विचारता स्वतः बघू लागली, आणि संघाचे बाकीचे सभासदही.