गट म्हणजे गटच

शेलार साहेब खुर्चीवर बसण्याआधी खिशातून रुमाल काढत, खुर्ची पुसत आणि त्याच रुमालाची चौपदरी घडी करून ती डाव्या खिशात ठेवत. उजव्या खिशातला दुसरा रुमाल नाकासाठी. साखर कारखान्यात मळीचा वास येणारच. नको असेल तर माणसाने अत्तराच्या दुकानात नोकरी धरावी. आमच्या संगणक विभागात सहा खुर्च्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्या सगळ्या पुसून काढल्या. आठवडा संपायच्या आत कारखानाभर त्यांचं नाव 'रुमाल' पडलं. ते नाव मी ठेवलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

माणूस मूळचा साताऱ्याचा, पण पुण्यात बारा-पंधरा वर्षं काढून 'लय' हा शब्द विसरून आलेला. आमचा कारखाना कराड आणि सांगलीच्या मधल्या पट्ट्यातला. तिथे बाहेरचा माणूस वरच्या जागेवर आला की आधी त्याला पाण्यात पाहायचं आणि मग कामाचं बोलायचं, अशी पद्धत आहे. त्यात विभागप्रमुखाची ही जागा मला मिळणार असं मी गावभर सांगून बसलो होतो. अठरा वर्षं त्याच विभागात घासली होती. तेव्हा साहेबांचं काय चुकतंय हे शोधायला मला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता.

"सोपं आहे हो," हे त्यांचं वाक्य. प्रिंटर अडकला, सोपं आहे हो. सर्व्हर बंद पडला, सोपं आहे हो. वजनकाट्यावरच्या तानाजीने एकदा विचारलं होतं, "साहेब, मग आमाला का जमत न्हाई?" त्यावर साहेब नुसते गोड हसले. त्या हसण्याचा मला जितका राग यायचा तितका शिवीचाही आला नसता.

खरी गाठ पडली ती प्रोग्राम जोडण्यावरून. कारखान्यात दोन जुने प्रोग्राम होते. एकात शेती विभाग उसाच्या नोंदी ठेवायचा, दुसऱ्यात काट्यावरचं वजन चढायचं. साहेबांनी तिसरं आणलं, ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांसाठी मोबाईलवरचं अ‍ॅप. आजवर आमचा शेतकी कर्मचारी टोळीबरोबर जाऊन बोटाने शेत दाखवायचा. आता अ‍ॅप सातबाऱ्यावरचा नंबर घेऊन नकाशावर शेत दाखवणार होतं. त्यासाठी या तिघांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं.

मला मिडलवेअर हवं होतं. म्हणजे मध्ये बसणारा प्रोग्राम, एकाचं ऐकून दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा, दुभाष्यासारखा. साहेबांना हवं होतं एपीआय मॅनेजमेंट. म्हणजे सगळ्यांना मिळून एकच दार, दारावर पहारा, कोणाकडे किल्ली आहे, कोण किती वेळा आत-बाहेर गेलं याची नोंद. संचालकांपुढे बैठक झाली तेव्हा मी म्हणालो, "आपल्या गेटवरचा वॉचमन पास बघतो. पोत्यात काय हाय ते बघत न्हाई."

साहेबांनी खुर्ची पुसलेला रुमाल नीट खिशात ठेवला. "दुभाषी दोन भाषा असतील तिथे लागतो," ते म्हणाले. "आपण सगळे मराठीच आहोत ना? एकच दार ठेवू. सोपं आहे हो."

संचालक खो-खो हसले. मग साहेबांनी भिंतीवर पडदा दाखवला. त्यावर हिरवी आणि नारिंगी चाकं फिरत होती. एका संचालकाने विचारलं, "ह्यातलं गरगर फिरतंय ते काय हाय?" साहेब म्हणाले, तो ये-जा करणारा डेटा. संचालकांना ते फारच आवडलं आणि पाच मिनिटांत मंजुरी झाली. ज्यांना आपल्या मोबाईलचा आवाज बंद करता येत नाही त्यांनी चाकं बघून निर्णय घेतला, असं मी त्या दिवशी निदान दहा जणांना सांगितलं.

आता 'गट' या शब्दाविषयी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे कारखान्याचं कार्यक्षेत्र गटांत वाटलेलं असतं. पाच-सहा गावांचा एक गट, त्याचं एक गट ऑफिस. आणि सातबाऱ्यावर जमिनीच्या तुकड्याला जो नंबर असतो तोही गटच. शेती विभागाच्या जुन्या प्रोग्राममध्ये 'गट' म्हणजे ऑफिसचा गट. अ‍ॅपमध्ये 'गट' म्हणजे जमिनीचा. बोलताना आमचा कधीच घोटाळा होत नाही, कारण कोण कशाविषयी बोलतंय हे आम्हाला ठाऊक असतं. यंत्राला ते कोणीतरी सांगावं लागतं.

चाचणी चालू असताना मी अकराव्या गट ऑफिसमधली एका गावच्या उसाची नोंद अ‍ॅपवर उघडली. नकाशाने त्या गावची प्राथमिक शाळा दाखवली, कारण ऑफिसचा अकरा हाच जमिनीचा नंबर धरला गेला होता आणि त्या गावात जमिनीचा गट नंबर अकरा शाळेच्या नावावर आहे. मी तो पडदा बंद केला आणि चहाला गेलो. तानाजीला सांगितलं तेव्हा तो हसता हसता थांबला. म्हणाला, "सायबाला सांग की रं गड्या." मी म्हणालो, "सोपं हाय की त्येला."

खरं तर साहेबांनी विचारलं होतं. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले, खुर्ची न पुसता उभेच राहिले. हातात दोन्ही प्रोग्रामचे रकाने छापलेला कागद होता. "हा इकडचा गट आणि हा तिकडचा गट," ते म्हणाले, "गट म्हणजे गटच ना?"

"व्हय साहेब," मी म्हणालो. "गट म्हणजे गटच."

त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि माझे आभार मानले.

हंगामात अ‍ॅप सुरू झालं ते आधी अकराव्या गटापुरतं. त्या सकाळी गटाच्या सहा गावांत एकेक, अशा सहा टोळ्या निघाल्या, आणि प्रत्येकीला त्या-त्या गावचा अकरा नंबरचा तुकडा दाखवला गेला. पहिला फोन आला तो शाळेसमोरून. मुकादम विचारत होता, "इथं प्रार्थना चालू हाय, ऊस कुठं हाय?" दुसरी टोळी ओढ्यात उतरली, तिसरी देवळाच्या आवारात. चौथीला खडक दाखवला, पाचवीला पाण्याची टाकी. मी खुर्चीवर मागे रेलून एकेक फोन घेत होतो आणि शेजारच्या टेबलांना ऐकवत होतो. साहेब घाम पुसत होते. कोणता रुमाल कशासाठी याचं भान त्यांना उरलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी अ‍ॅप बंद केलं आणि बोटाने शेत दाखवणारी माणसं पुन्हा टोळ्यांबरोबर पाठवली.

पाच फोन आले होते. सहावा का आला नाही, हे मी विचारलं नाही.

सहाव्या टोळीला उभा ऊस सापडला होता. तो पद्माक्कांचा बेणेमळा होता, म्हणजे लागणीच्या बेण्यासाठी राखलेला ऊस. पद्माक्का चौगुले आमच्याच गावच्या, शेतीतली जाणती बाई. नवीन वाणाच्या उसाच्या टिपऱ्या, म्हणजे लावायचे तुकडे, त्यांनी तीन वर्षांपूर्वी कुठूनतरी ओंजळभर आणल्या. पहिल्या वर्षी एक सरी, मग पाच गुंठे आणि आता अर्धा एकर. जानेवारी-फेब्रुवारीतल्या सुरूच्या लागणीला तीन गावं तेच बेणं नेणार होती. आमच्या घरचीही नोंद होती. त्या दिवशी आक्का तासगावला बहिणीकडे गेल्या होत्या. परत आल्या तोवर मळ्यात बुडखे उरले होते आणि दोन ट्रॉल्या ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडून त्याचा रस झाला होता.

दुसऱ्या सकाळी साहेब आणि मी गेलो. आक्का बांधावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. एक बुडखा हातात घेऊन त्याचा कोंब फुटायचा डोळा शाबूत आहे का ते बघत होत्या. साहेबांच्या काळ्या बुटांना चिखल लागला. ते आक्कांच्या शेजारी बांधावर बसले, आणि रुमाल काढला नाही.

"आक्का, चूक माझी हाय," साहेब म्हणाले. साताऱ्याची बोली त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकली. "गट म्हंजी काय ते मला ठावं न्हवतं, आन् मी इचारलं न्हाई."

"आवं सायेब, आमच्यात शेंबडं पोरगं सांगंल, गट दोन हायत म्हनून. तुमच्या हापिसात सांगाया कुनी न्हवतं व्हय?"

मी ट्रॉलीच्या चाकोरीकडे बघत उभा होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हवतं," ते म्हणाले.

संचालकांनी त्यांना महिनाभरात घालवलं. तेव्हाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्ही माझ्या कुठल्याही गोष्टीला इतक्या पटकन हो म्हणाला नव्हतात." माझ्या तोंडून "व्हय" एवढंच निघालं. त्यांनी हात पुढे केला. तो मी घेतला, आणि नंतर त्यांनी हात पुसला की नाही हे बघायला मी दारापर्यंत गेलो. मी असा माणूस आहे.

त्यांची जागा मला मिळाली. मिडलवेअरही आलं. त्यात पहिला नियम मी लिहिला, इकडचा गट वेगळा आणि तिकडचा वेगळा. दोन ओळींचं काम होतं. हा नियम साहेबांच्या त्या दारावरही बसवता आला असता, निदान कागदावर तरी. दुभाषी विकत आणायची गरजच नव्हती. तो अठरा वर्षं त्याच खोलीत पगार घेत बसला होता.

साहेबांची मी आजही टिंगल करतो. दोन रुमाल, ती चाकं, ते सोपं आहे हो. लोक हसतात. गोष्ट मी सहा टोळ्यांऐवजी पाच टोळ्यांची सांगतो.

बुडख्यांना फुटवा आला, पण बेणं तयार व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. ते न्यायला मी ट्रॉली घेऊन गेलो तेव्हा आक्कांनी आमच्या मोळ्या आधीच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. "ते सायेब कुठं असत्यात आता?" त्यांनी विचारलं. "मानूस बरा हुता. नवखा हुता, त्येला काय ठावं?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू आदी असतास त्या जागंवर, तर ह्ये झालं नसतं बघ."

मी मोळ्या ट्रॉलीत भरू लागलो. आक्का बांधावर उभ्या राहून मला मोजून देत होत्या, आणि शेवटी दोन मोळ्या त्यांनी जास्तीच्या घातल्या.