चार्जिंग रूमचा पंखा

लोक मला फौजी बाई म्हणतात. मी फौजी नव्हते. नवरा फौजेच्या नोकरीत असताना वारला, म्हणून नगरबाहेरच्या एका लष्करी वर्कशॉपात मला मजूर म्हणून घेतलं. नेमणूक बॅटरी चार्जिंग रूममध्ये. वर्दी नव्हती, पण हजेरी सकाळी पावणेसहाला आणि हुकूम सगळ्यांना सारखाच. माझी शाळा चौथीपर्यंत.

काम हवालदार गव्हाणे यांनी शिकवलं. जामखेडकडचे, बोलणं थोडं. नियम सांगितला की तो माझ्याकडून तीनदा वदवून घ्यायचे. आधी पंखा, मग चार्जर. बॅटरीला लावलेले चिमटे काढताना आधी चार्जर बंद, नाहीतर ठिणगी उडते. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ दाराबाहेर. माझे हात मोकळेच होते, त्यामुळे तो नियम मला सोपा गेला.

बॅटरी भरत आली की आतलं पाणी बुडबुडतं. त्यातून निघणारा वायू दिसत नाही. तो वर साठतो आणि आग मिळाली की फुटतो. भिंतीतला पंखा त्यासाठी होता. गव्हाणे म्हणायचे, "वहिनी, हितं बिडी वढनारा दिसला की मला सांगा. मी त्याची बदली करतो. वर का खाली, ते त्यानं ठरवावं."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. चार्जिंग रूमची पूजा गव्हाणे बाहेर व्हरांड्यात करायचे. एक निकामी बॅटरी टेबलावर ठेवायची, तिला हळदकुंकू, फूल, आरती. आतल्या बॅटऱ्यांजवळ दिवा न्यायचा नाही.

त्या वर्षी नवे सुभेदार आले होते. बूट चकचकीत, डोकं रिकामं. निकामी बॅटरीची पूजा म्हणजे अपशकुन, असं त्यांचं मत पडलं. पूजा आत होणार, चालू बॅटऱ्यांची. दुपारी गाड्या निघायच्या होत्या, म्हणून बारा बॅटऱ्या सकाळी सहापासून चार्जिंगला लावलेल्या. गव्हाणे डिस्टिल्ड वॉटर आणायला स्टोअरला गेले होते.

दहा वाजता सुभेदार आरतीचं ताट घेऊन आत आले. मागे चार जवान. मी म्हणाले, "साहेब, चार्जर चालू हाय. हितं दिवा नको."

"किती शिकलीस?"

"चौथी."

"मग मला सायन्स शिकवू नको." जवान हसले. पंख्याने निरांजन फडफडत होतं. सुभेदार म्हणाले, "पंखा बंद कर."

मी पंखा बंद केला.

त्यांना आरती पाठ नव्हती. पहिलं कडवं दोनदा म्हटलं. एवढ्या वेळात बॅटऱ्या बुडबुडतच होत्या. मग त्यांनी ताटात कापूर पेटवला. तेवढ्यात गव्हाणे दारात आले. कॅन खाली ठेवला.

"बटनाला कुनी हात लावायचा न्हाई, ठिणगी उडंल. सगळे बाहेर."

सगळे बाहेर पळाले. सुभेदार पहिले, ताट दाराजवळच्या बाकावर टाकून. गव्हाण्यांनी मला दाराबाहेर ढकललं आणि ताट उचललं. घाईत टाकलेला पेटता कापूर काठावर आला होता, तो घरंगळून बाकाला लागून असलेल्या बॅटऱ्यांच्या पहिल्या रांगेत पडला. आवाज एकच झाला. बॅटऱ्यांचे टवके आणि अ‍ॅसिड त्यांच्या तोंडावर आणि छातीवर गेलं. मी पिंपातलं पाणी त्यांच्यावर ओतत राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, तुमचं डोळं ठीक हायेत ना?"

तिसऱ्या दिवशी ते गेले.

चौकशी बसली. सुभेदारांनी सांगितलं, पूजा बाहेर करायचं ठरलं होतं, हवालदारानेच ताट आत नेलं. चारही जवानांनी तेच सांगितलं. मला विचारलं, पंखा कोणी बंद केला. सुभेदार समोर खुर्चीत बसले होते. मी खरं बोलले, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. घरी दोन मुलं होती आणि नोकरी एक. मी म्हणाले, "माहीत नाही." कागदावर चूक गव्हाण्यांची लागली. सुभेदारांना मी अजून भेकड म्हणते, आणि म्हणताना स्वतःला वगळत नाही.

आता मी कर्जतला मुलाकडे असते. त्याने इन्व्हर्टरची बॅटरी देव्हाऱ्याखाली ठेवली होती. डिग्री आहे त्याच्याकडे. मी ती त्याच दिवशी व्हरांड्यात काढायला लावली. खंडेनवमीला तिला झेंडू आणि हळदकुंकू मिळतं. सून दरवर्षी विचारते, "आत्याबाई, दिव्याबिगर पूजा कशी?" मी तिला दरवर्षी तेच सांगते, आणि आज ते लिहून ठेवते. गव्हाण्यांचं कोणी जामखेडकडे असेल तर त्यांनी वाचावं.

ताट सुभेदारांनी आत आणलं. पंखा त्यांच्या हुकमाने मी बंद केला. हवालदार गव्हाणे ते ताट बाहेर नेत होते.