पाठीमागचं आभाळ

बाबा आधी टोपी काढायचे. ती छातीशी धरून पश्चिमेच्या डोंगरांकडे तोंड करायचे, डावा डोळा मिटायचे आणि आम्ही सगळे वाट बघत उभे असलो तरी मुळीच घाई करायचे नाहीत. मग टोपी पुन्हा डोक्यावर चढवत एवढंच म्हणायचे, "न्हाई यायचा."

म्हणजे पाऊस. आमच्या विमानांच्या मेळाव्याची सुरुवात दर फेब्रुवारीत अशी व्हायची. विमानं म्हणजे माणसं बसून जातात ती नव्हेत. हलक्या लाकडाची, हातातल्या रिमोटवर उडणारी. पण काहींचे पंख पलंगाएवढे असतात आणि मालक त्यांना बायकापोरांपेक्षा जपतात. हिंजवडीच्या पुढे, नेरे गावाजवळ बाबांचा माळ होता. तिथं पुण्याची, कोल्हापूरची, नाशिकची अशी हौशी मंडळी जमायची आणि पहिलं विमान उडवण्याआधी बाबांपुढे उभी राहायची.

फेब्रुवारीत आपल्याकडे पाऊस येत नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण आम्ही पडलो शिकलेले. संध्याकाळी आभाळ कोरडंच राहिलं की एकमेकांना मोठ्या कौतुकानं सांगायचो, "बघा, बाबांचं कधी चुकत नाही." तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. आपणच त्याला उंच पाटावर बसवतो आणि मग त्याला खाली उतरता येत नाही.

मारुंजीत माझं प्लायवूडचं दुकान आहे. गोठ्याच्या दारासाठी फळी घ्यायला आले तेव्हा बाबा पहिल्यांदा भेटले. छताला टांगलेल्या विमानाकडे मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले.

"शेठ, ह्ये उडतंय का, का नुसतं टांगायलाच हाय?"

"उडतं की. पण उडवायला जागा कुठं राहिलीय बाबा? जिकडे बघावं तिकडे इमारती."

"माझा माळ हाय न्हवं. गवताबिगर काय उगवत न्हाई तितं. या की, उडवा."

असा मेळावा सुरू झाला. त्यांची बायको, आम्ही तिला मावशी म्हणायचो, माळाच्या कडेला मांडवाखाली भज्यांची कढई मांडायची. बाबांनी टोपी काढून डोंगरांकडे तोंड केलं की ती झाऱ्या हलवत आमच्याकडे बघून हसायची. "ह्यांस्नी इचारून म्या धुनं वाळत घालत न्हाई बरं का," म्हणायची. आम्हीही हसायचो. आज वाटतं, त्या माळावर खरं बोलणारी ती एकटीच होती.

एका वर्षी मेळावा लांबला. माळाकडे जायची वाट शेजाऱ्याच्या शेतातून होती आणि त्यात गहू उभा होता. गहू निघाला, मग कुणाच्या मुलांच्या परीक्षा आल्या, असं करत एप्रिल उजाडला. सकाळी बाबांनी टोपी काढली, डोंगर न्याहाळले आणि नेहमीचं उत्तर दिलं. सगळे खूश.

दुपार कलली आणि वारा पडला. वाऱ्याची दिशा दाखवायला बांबूवर बांधलेली कापडी पिशवी वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबायला लागली. माळावरचं ऊन पिवळट झालं. नाशिकच्या एका पोरसवद्या गड्याचा फोन वाजला. त्यावर वादळाचा इशारा आला होता. त्यानं तो सगळ्यांना दाखवला, तर कुणीतरी त्याची चेष्टा केली, "अरे, आपले बाबा असताना फोन काय बघतोस?"

बाबा पुन्हा उभे राहिले. टोपी छातीशी, तोंड डोंगरांकडे. डोंगर स्वच्छ होते. त्यांच्या मागून मावशीचा आवाज आला.

"आवं, मागं बघा की. हिंजवडीकडं."

मी वळून पाहिलं. त्या उंच काचेच्या इमारती दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी काळं काहीतरी उभं होतं आणि ते आमच्याकडे येत होतं. मावशीचा हात गॅसच्या बटणावर होता. "म्या कढई उतरिवते," ती म्हणाली.

बाबा वळले नाहीत. एवढी माणसं बघत होती, फोनवाला पोरगा बघत होता, कसे वळतील?

"गप बस गं. भजी तळ. न्हाई यायचा."

मावशीनं बटणावरचा हात काढला.

वळीव तुम्हाला माहीत आहे. आधी धूळ आली, मग वारा आणि मग गारा. कच्च्या सुतळीनं बांधलेली विमानं चालवणारं कुणी नसताना उडाली. कोल्हापूरच्या मास्तरांचं दुपंखी पिवळं विमान माझ्या डोक्यावरून उलटंपालटं होत गेलं आणि बांधाच्या दगडांवर आपटलं. मास्तर त्याच्यामागे धावले. मीही धावलो असतो, पण तेवढ्यात मांडव उचलला गेला, त्याचा एक बांबू कढईवर पडला आणि मावशी ओरडली. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. उकळतं तेल तिच्या उजव्या हातावर सांडलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा ओल्या कपड्यांनी बसून होते. टोपी वाऱ्यानं कुठं नेली कोण जाणे. टोपीशिवाय ते अगदी छोटे दिसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेठ, मला कदीच कळत न्हवतं. तुमी समदी येऊन उभी ऱ्हायचा माझ्याम्होरं. लई बरं वाटायचं."

त्यांचा राग येत होता, आमचा त्याहून जास्त येत होता. मी नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले तेव्हा पाठीवर खताची गोणी होती. माळावरून, ओढ्यातून, बाभळीच्या काट्यांतून विमानांचे तुकडे वेचून आणले होते. त्यात कुणाच्या लग्नातलं थर्माकोलचं कमळही होतं. "ह्ये कशाचं हाय?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी सांगितलं तेव्हा दोघांनाही हसू आलं. त्या वादळानंतर आम्ही पहिल्यांदाच हसलो.

पावसाळाभर मागच्या खोलीत आम्ही पिवळं विमान जोडत होतो. मास्तर आले की तेही बसायचे. डिंक वाळेपर्यंत दोन तुकडे घट्ट धरून ठेवायचं काम बाबांचं. धरताना ते इतके स्थिर बसायचे की मला भीती वाटायची. पण संध्याकाळ झाली की उठायचेच. मावशीचा हात वाचला होता, पण बोटं आखडली होती. तिला मूठ वळता येत नव्हती, मग भाकरी कुठली थापणार? भाकरी आता बाबा थापायचे. "ह्यांची भाकर म्हंजी मुळशीचा नकाशा," मावशी म्हणायची आणि तो नकाशा डाव्या हातानं मोडून खायची.

फेब्रुवारीत पिवळं विमान पुन्हा उडालं. सगळे टाळ्या वाजवत होते. बाबा मात्र विमानाकडे बघत नव्हते. डोंगरांकडे पाठ करून ते हिंजवडीकडे बघत होते. आभाळात ढगाचा एक पुंजकाही नव्हता.

"येनार," ते म्हणाले. "बांदा समदी."

त्यांनी माळावर लोखंडी खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. कुणीतरी चेष्टेनं काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. आम्ही विमानं दोरांनी आवळून बांधली. त्यानंतर दर मेळाव्याला, कसंही आभाळ असलं तरी त्यांचं उत्तर तेच असायचं. पाऊस एकदाही आला नाही. ते चुकत राहिले आणि दर वेळी चुकले की त्यांना हायसं वाटायचं.

गेल्या श्रावणात बाबा गेले. मेळावा बंद करावा असं आमच्यातल्या काहींचं मत पडलं. पण मावशीनंच निरोप धाडला, "माळ हितंच हाय. या."

आम्ही गेलो. कोपऱ्यात कढई होती, बाबांची सून भजी सोडत होती आणि मावशी शेजारी बसली होती. पहिलं विमान उडवायची वेळ झाली तसे सगळे उगाच घुटमळायला लागले. साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेला एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाला, "इथं हवामान सांगणारे एक बाबा असतात म्हणे. कुठं आहेत?"

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. डोंगरांकडे पाठ करून तिनं हिंजवडीकडे तोंड केलं आणि डावा डोळा मिटला. तिकडच्या काचा उन्हात चकाकत होत्या. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तिनं मुळीच घाई केली नाही.

"येनार," ती म्हणाली.

मग ती खाली वाकली आणि डाव्या हातानं गॅस बंद केला. आम्ही पिशव्यांतून दोर काढले आणि विमानं बांधायला लागलो.